मंडईचा बोकड कुठे गेला याचा खुलासा

तीर्थस्वरूप सौ. प्रेमिलाबाईस,

तुझा धाकटा भाऊ ओमेश याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा थोडा भाजलेला आहे, तरी जोडला आहे). तुझ्या टिंकूचा ताप उतरला असेल अशी आशा आहे. भाऊजींना रामराम. बोदलकशाच्या तलावात यंदा पाणी बरं आहे आणि मासोळी चांगली मिळून राहिली आहे असं कळलं, आनंद झाला. इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आई बाबांशी बोलत नाही आणि मी तोंड उघडलं की दोघंही उठून घरामागच्या बाडीत जातात, पण तब्येती उत्तम आहेत. फोन न करता पत्र काऊन लिहितो म्हणशील, तर मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी माझा मोबाईल विहिरीच्या काठावर ठेवला. ठेवताना जोर जास्त झाला आणि तो काठाच्या पलीकडे गेला. शिवाय फोनवर तू मधातच हसतेस. पत्रात हसलीस तरी मला ऐकू येणार नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणजे मला राग येणार नाही, असा हिशेब आहे.

आपल्या मंडईबद्दल तुझ्यापर्यंत काय पोचलं असेल ते मला मालूम आहे. तुमच्याही गावची मंडई त्याच दिवशी पडली म्हणून तू आली नाहीस, आणि जे आले नव्हते त्यांनाच सगळं जास्त माहीत आहे. आमगावच्या बाजारात लोक सांगून राहिले आहेत की ईश्वरदासनं, म्हणजे आपल्या बाबांनी, सालेकशाहून सोयरिकीच्या बोलणीसाठी पाहुणे बोलावले, त्यांच्या पानात हाडं वाढली आणि मांसाच्या बोटी घरच्यांनी खाऊन टाकल्या. बाई, हे धादांत खोटं आहे. घरच्यांनी एक बोटी खाल्लेली नाही. कोणीच खाल्लेली नाही. हाडं वाढली हे खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते शास्त्राच्या आधारानं समजावून सांगावं म्हणून हे पत्र.

आधी दुर्गेश्वरीबद्दल सांगतो, कारण तू तिला पाहिलेलं नाहीस. (पाहिलं असतंस तर एवढं लिहावं लागलं नसतं.) ती सालेकशाच्या जागेश्वरजींची मुलगी. गोंदियाला बीएस्सीच्या वर्गात आम्ही सोबत होतो. ती सालेकशाला पॅसेंजरमध्ये बसायची, मी आमगावला चढायचो, आणि ती खिडकीकडची जागा माझ्यासाठी धरून ठेवायची नाही. रोज नाही धरायची. यावरून मला ती सरळ मनाची वाटली. बोलणं पुस्तकापुरतंच व्हायचं, पण मी पुस्तक विसरून यायचो. असं दीड वर्ष चाललं. मग थुंकीचं प्रकरण झालं.

ते तुला आईनं "सरांशी वाद झाला" एवढंच सांगितलं असेल. वाद झाला नाही, अपमान झाला. प्रॅक्टिकलमध्ये आपल्या थुंकीचा प्रयोग असतो. माणसाच्या थुंकीत एक विकर असतो, कॉलेजात त्याला एंझाइम म्हणतात. तो भातातल्या, पोळीतल्या पिठाचे तुकडे करून त्याची साखर बनवतो. (खोटं वाटत असेल तर कोरड्या भाताचा घास गिळायची घाई न करता चावत राहा, तोंडात गोड लागेल. भाऊजींना सांगू नको, ते पूर्ण ताट तसंच जेवतील.) परीक्षानळीत पिठाचं पाणी घ्यायचं, त्यात थुंकायचं, नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात धरायची आणि नंतर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं झालं तर पीठ तसंच आहे, निळं झालं नाही तर थुंकीनं काम केलं. सगळ्यांचं काम झालं. आमगावच्या इंद्रकुमारचं तर इतकं लवकर झालं की सरांनी नळी वर धरून वर्गाला दाखवली. माझी नळी निळी, दौतीतल्या शाईसारखी. सर म्हणाले, "ओमेश, तुझ्या थुंकीत काही दम नाही." पूर्ण वर्गासमोर. दुर्गेश्वरी माझ्या शेजारी उभी होती. आता तूच सांग, थुंकीचा अपमान सहन करून माणसानं डिग्री घ्यायची का? मी सरांना दोन शब्द सुनावले, ॲप्रन टेबलावर टाकला आणि बाहेर पडलो. घरी येऊन बाबांसमोर गळ्याची शपथ घेतली की या कॉलेजची पायरी पुन्हा चढणार नाही. खरं कारण मला मागाहून कळलं. मी नळी कोमट पाण्यात न धरता उकळत्या पाण्यात धरली होती. काम लवकर व्हावं म्हणून.

विकर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपलं शरीर बरंचसं प्रोटीनचं असतं. केस, नखं, रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल भाग, दंडाचा मांसल गोळा, सगळीकडे प्रोटीन. प्रोटीन म्हणजे एक लांब माळ. तिच्यात जेमतेम वीस तऱ्हेचे मणी, पण ओवायचा क्रम वेगळा, आणि ओवून झाल्यावर माळ आपोआप गुंडाळते आणि तिचा एक खास आकार होतो. सगळी करामत त्या आकारात आहे. विकरसुद्धा अशीच गुंडाळलेली माळ. तिच्यात एक खोबण असते, आणि त्या खोबणीत ज्याचं माप बसतं त्याच्याशीच ती काम करते. थुंकीतला विकर पिठाला हात लावेल, मांसाला लावणार नाही. पोटातला मांस तोडेल, पिठाकडे बघणार नाही. मंडईत दंडारीच्या नाचातला ढोलकीवाला जिलेबी तळायला बसत नाही तसं. आणि मुख्य म्हणजे विकर स्वतः खर्च होत नाही. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ बघ, दोन्हीकडचं जेवतो, लग्न लावून देतो, आणि स्वतः होता तसाच्या तसा उठून दुसऱ्या गावी जातो. एक थेंब विकर शेकडो पटीनं माल कापतो आणि पुन्हा तयार.

इथपर्यंत मी शिकलो. विकर काम कसं करतो हा धड्याचा पहिला अर्धा भाग. तो थांबतो कशानं, हा दुसरा अर्धा. दुसरा अर्धा सर ज्या आठवड्यात शिकवणार होते त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या थुंकीचा अपमान झाला.

आता मंडईकडे येतो. दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई जवळ आली आणि आईनं खूप खटपट करून जागेश्वरजींना निरोप पाठवला की मंडईला या, पोरांचंही बघून होईल. त्यांनी येतो म्हटलं. पण त्याच निरोप्याकडून हेही कळलं की इंद्रकुमारच्या घरूनही विचारणा झालेली आहे (ज्याची थुंकी वर्गात पहिली आली तोच), आणि जागेश्वरजी आपली मंडई पाहून मग काय ते ठरवणार. म्हणजे माझ्या जन्माचा फैसला एका जेवणावर होता. बाबांना हे पटलं म्हणून त्यांनी चांगला मोठा बोकड आणला. मोठा म्हणजे वयानं मोठा. कापणाऱ्यानंच सांगितलं की हा बोकड शिजायला घेतला तर पाहुणे पुढच्या मंडईला जेवतील. आई घाबरली. बाबा म्हणाले, शिजेल. मी म्हटलं, बाबा, तुम्ही बाजूला व्हा, हा प्रोटीनचा विषय आहे.

आपल्या बाडीतल्या पपईच्या झाडाला कच्च्या पपया लटकून होत्या. कच्च्या पपईच्या चिकात मांस तोडणारा विकर असतो. आईला हे शास्त्राशिवायच मालूम आहे, ती दरवेळी नखाएवढा तुकडा टाकते. मी म्हटलं, नखाएवढा कायले? इथं आयुष्याचा प्रश्न आहे. दोन पपया सालीसकट वाटल्या आणि सकाळीच सगळ्या मांसाला चोळून टाकल्या. पाहुण्यांची गाडी सकाळची. ते स्टेशनवर उतरले की फोडणी घालायची, म्हणजे पानात गरम गरम पडेल, असं बाबांचं म्हणणं. तोपर्यंत मी मांसाचा गंज, ते आपलं मोठं पातेलं, चुलीवर चढवून निखाऱ्यावर राहू दिला. उकळूही देईना, थंडही होऊ देईना. बोट बुडवलं तर चटका बसेल पण पोळणार नाही, एवढं गरम. (झाकण घालायच्या आधी बुडवून पाहिलं, तेव्हा एकदा पोळलं. हात त्यातच भाजला.) मला वाटलं, कोमटात विकर खूश असतो.

आणि गाडी आली नाही. आपल्या लाईनीवर आधी मालगाड्या जातात, मग उरलेल्या मालगाड्या जातात आणि मग पॅसेंजर. सालेकशाहून आमगावला यायला जागेश्वरजींना दुपार झाली. पाहुणे येऊन राहिले म्हणून निरोप येई, मी निखारे सारखे करी, पाहुणे येत नसत. गावात ढोलकी वाजत होती, दुकानं लागली होती, लोक पाळण्यात बसत होते, आणि मी दिवसभर गंजापाशी झाकण न उघडता बसलो होतो. झाकण उघडलं की वाफ जाते आणि उष्णता कमी होते. हीच एक गोष्ट मी बरोबर केली आणि हीच करायला नको होती.

शेवटी पाहुणे आले. जागेश्वरजी, दुर्गेश्वरी आणि जागेश्वरजींची म्हातारी आत्या फुलवंता. पाय धुणं झालं, पाणी झालं. आईनं फोडणी तयार करून झाकण उघडलं आणि झाकण हातात धरून ती थांबली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी आत वाकून पाहिलं तर आत बोकड नव्हता. मसाल्याशिवायची घट्ट पेज होती आणि तिच्यात हाडं होती, इतकी स्वच्छ की धुऊन ठेवल्यासारखी. आईनं तरी त्यातच फोडणी घातली, उकळी आणली, वरून सांभाराची हिरवी पानं चिरून भुरभुरली. करणार काय, पान मांडून झालं होतं.

तुला रिवाज मालूम आहेच, सोयरिकीच्या पाहुण्याला पहिली वाढणी बाबांच्या हातची आणि त्यात कलेजी अन् चांगल्या चार बोटी पडल्या पाहिजेत. पाहुणा बोटी मोजत नाही, पण त्याला त्या मालूम असतात. बाबांनी पळी घातली, फिरवली, काढली. हाड. पुन्हा घातली. हाड. मग खोल, पार बुडाला, बोदलकशाच्या गाळात झिंगे चाचपावे तशी. जागेश्वरजी पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "का गा ईश्वरदास, बोकड कापला होता का नुसता दाखवला होता?" बाबांनी पळी पुन्हा बुडवली. "बोटी घरच्याले अन् हाडं पाहुण्याले, असा रिवाज हाय का तुमच्या इकडं?"

बाई, माझा स्वभाव तुला मालूम आहे. घरच्या अन्नावर आळ आला तर मी ऐकून घेत नाही. मी पुढे झालो आणि अगदी शांतपणे (आई म्हणते ओरडून) सांगितलं की मामाजी, बोटी कोणी खाल्लेल्या नाहीत, सगळ्या तुमच्याच रश्शात आहेत, फक्त तुटून गेल्या आहेत. मांसाची माळ असते, तिचा मणी न् मणी मोकळा झाला आहे. तुमच्या पोटात जाऊन जे काम तासन्‌तास चाललं असतं ते मी इथंच, गंजात, अर्ध्याहून जास्त करून दिलेलं आहे. पोटाला काही मेहनत नाही. इथपर्यंत ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आमाले पचलेलं वाढलं?" मी म्हटलं, बरोबर. शास्त्राच्या दृष्टीनं बरोबरच होतं. ते म्हणाले, "कोनं पचवलं ते बी सांगून टाक."

आणि ताटावरून उठले. मंडईच्या दिवशी, आपल्या अंगणात, सोयरिकीचा पाहुणा भरल्या ताटावरून उठला. शेजारच्या पंगतीतल्या लोकांनी हातातला घास तसाच धरून ठेवला. बाबा पळी घेऊन उभेच. एक फुलवंताआत्या तेवढी खाली मान घालून जेवत होती. जागेश्वरजी म्हणाले, चल आत्या. आत्या म्हणाली, "तू जाय बाप्पा. माह्या तोंडात दात नाई. सारे मले मंडईत नुसता रस्साच पाजते. आज पह्यल्यांदा बोकड खाऊन राहिली." आणि तिनं आईकडे पान पुढे केलं. ती जेवेपर्यंत जागेश्वरजींना अंगणात चपला घालून उभं राहावं लागलं, आणि रागावलेल्या माणसाला एकाच जागी उभं राहायला किती जड जातं ते मी स्वानुभवानं सांगू शकतो. आत्या पुन्हा वाढून घेई, जागेश्वरजी पुन्हा चपला काढत आणि पुन्हा घालत.

एवढ्यात मी घरामागे पाण्याच्या टाकीपाशी गेलो, तर तिथं दुर्गेश्वरी हात धुवत होती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, किती पपया? मी सांगितलं. किती वेळ? तेही सांगितलं. उकळलं काऊन नाही? मी म्हटलं, कोमटात विकर चांगला चालतो. ती म्हणाली, "आपल्या अंगातला. पपईचा तर त्याहून गरमात अजून जोरात चालतो, तू त्याला दिवसभर त्याच्या आवडीची आच दिलीस. थोडं मुरवून एक उकळी आणली असतीस तर त्याची माळ उलगडली असती, आकार गेला असता अन् तो तिथंच थांबला असता." मग ती पदराला हात पुसत म्हणाली, "तू ज्या पानावरून उठून गेलास ना, त्याच्या पुढच्याच पानावर आहे हे." आणि गेली.

म्हणजे बघ बाई, कॉलेजात उकळायचं नव्हतं तिथं मी उकळलं आणि घरी उकळायचं होतं तिथं उकळलं नाही. यात माझी चूक कुठे आहे हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

तर आता माझा निर्णय ऐक. मी ही सोयरीक मनातून काढून टाकली आहे. कोणी विचारलं तर सांग की मुलाकडूनच नकार आहे. प्रेम वगैरे सुद्धा शेवटी रसायनच असतं. ऑक्सिटोसिन नावाची अगदी छोटी माळ असते, नऊच मण्यांची, ती रक्तात आली की माणसाला एखादीची ओढ लागते, आणि रक्तातले विकर लगेच तिला तोडायला लागतात. काही मिनिटांत अर्धी संपते. या हिशेबानं माझी ओढ मंडईच्या दिवशीच, गाडी सालेकशाला पोचायच्या आत संपायला पाहिजे होती. अजून संपलेली नाही, पण ते विकरांचं काम आहे, आपण मधात पडायचं नाही. मी वाट बघून राहिलो आहे. पॅसेंजरच्या वेळी स्टेशनवर जातो तो फक्त चहा प्यायला. घरचा चहा आई मला देत नाही.

भाऊजींना, तुझ्या सासूबाईंना नमस्कार. टिंकूला ताप असेल तर अंगावर जास्त घोंगड्या टाकू नको, अंगातल्या विकरांनाही फार गरम सोसत नाही.

तुझा आज्ञाधारक (इतरांचा नाही),
ओमेश

ता.क. भाऊजींना हे पत्र वाचायला देऊ नको. ते पानठेल्यावर वाचून दाखवतील.

ता.क. नकार मुलाकडून आहे असं वर लिहिलं ते एवढ्यात कोणाला सांगू नको. कोणी विचारलंच तर म्हण, मुलगा विचार करून राहिला आहे.

ता.क. एक छोटं काम आहे. कॉलेजात पुन्हा नाव घालता येतं असं कळलं, दुसरं वर्ष पहिल्यापासून करावं लागेल. मी बाबांसमोर शपथ घेतलेली असल्यामुळे मला विचारता येत नाही. तू बाबांना फोन कर आणि तुझ्याच मनात आल्यासारखं सांग की ओमेशला परत पाठवा. मी आधी नाही म्हणेन. तू रागाव. मग मी तुझ्या शब्दासाठी तयार होईन. यात दुसरं काही कारण नाही, अर्धा धडा राहून गेला तो माणसानं पूर्ण करावा एवढंच. लवकर कर.

ता.क. चुकीची माहिती टपालानं जाऊ नये म्हणून हे पत्र आज गोंदियाला नेऊन शास्त्रापुरतं एका जाणकार व्यक्तीला दाखवतो आणि तिथूनच पेटीत टाकतो. जाणकार व्यक्ती चहाच्या वेळी स्टेशनवर भेटली.

ताई, नमस्कार. मी दुर्गेश्वरी. शास्त्र बरंचसं बरोबर आहे, बाकीचं मी वाचलं नाही असं त्याला सांगितलं आहे. ऑक्सिटोसिनबद्दल तो वाट बघतो आहे ती बघू द्या. इंद्रकुमारच्या घरी आम्ही मंडईच्याच आठवड्यात नकार कळवला. माझ्या बाबांचा राग मोठा आहे पण आमच्या घरात आत्याचा शब्द चालतो, आणि आत्या तेव्हापासून रोज बोकडाचं नाव काढते. बाबांना फक्त एक सांगायला पाहिजे, मुलगा शिकतो आहे म्हणून. तुम्ही तुमच्या बाबांना आजच फोन करा. हा नाही म्हणेल तेव्हा जास्त वेळ रागावू नका, लगेच हो म्हणेल. पाकीट मीच चिकटवून टाकते आहे. तुम्ही त्याला एवढं वर्गात नेऊन बसवा, पुढचं मी बघून घेईन.